कार्यप्रवाह एंजिन, मुक्तस्रोत

संस्थेतील एखादे काम कोणत्या टप्प्यांनी, कोणाच्या हातून व किती मुदतीत पूर्ण व्हावयाचे याचा आराखडा वाचून त्याप्रमाणे प्रत्येक प्रकरण पुढे सरकविणारी संगणकीय आज्ञावली म्हणजे कार्यप्रवाह एंजिन होय. या आज्ञावलीची मूळ संहिता कोणासही वाचता, वापरता, बदलता व इतरांस देता येईल अशी मोकळीक तिच्या परवान्याने दिली असेल, तर ते एंजिन मुक्तस्रोत समजले जाते. कर्जाचा अर्ज, विम्याचा दावा, मालाची खरेदी, रजेची मंजुरी, नळजोडणी यांसारखी अनेक हातांतून जाणारी व अनेक दिवस चालणारी कामे हे त्याचे कार्यक्षेत्र होय. अशा कामांची आखणी, अंमलबजावणी, देखरेख व सुधारणा यांचा एकत्रित विचार करणाऱ्या विद्याशाखेला व्यवसाय प्रक्रिया व्यवस्थापन म्हणतात. एंजिन हे त्या व्यवस्थापनाचे साधन आहे. ते स्वतः निर्णय घेत नाही; निर्णय कोणी व केव्हा घ्यावयाचा, याचा क्रम सांभाळते.

कार्यपद्धती व आज्ञावली यांची फारकत : कचेरीतील कामाचा क्रम पूर्वी दोन ठिकाणी असे : एक नियमपुस्तिकेत व दुसरा अनुभवी कारकुनाच्या स्मरणात. संगणक आल्यावर तो तिसऱ्या ठिकाणी, म्हणजे आज्ञावलीच्या संहितेत, जाऊन बसला. परिणामी, मंजुरीसाठी एका सहीऐवजी दोन सह्या घ्याव्यात एवढा बदल करावयाचा असला, तरी आज्ञावलीकाराला हजारो ओळींतून तो क्रम शोधून काढावा लागे आणि ज्या अधिकाऱ्याने तो नियम केला, त्याला संहिता वाचता येत नसल्याने बदल बरोबर झाला की नाही हे कळण्यास मार्ग नसे. १९७० नंतरच्या दशकांत माहितीसंचय सांभाळणाऱ्या स्वतंत्र प्रणाली आल्या आणि माहिती कशी साठवावी याची चिंता प्रत्येक आज्ञावलीतून दूर झाली. कार्यप्रवाह एंजिनाने तेच कामाच्या क्रमाबाबत केले. क्रम संहितेतून बाहेर काढून आकृतीच्या रूपात मांडला जातो. माणूस ती आकृती वाचतो व एंजिनही तीच वाचते. या तंत्राचे खरे महत्त्व वेगापेक्षा या फारकतीत आहे.

ऐतिहासिक आढावा : कामाचे टप्पे चिन्हांनी रेखाटण्याची पद्धत संगणकापूर्वीची आहे. अमेरिकन अभियंते फ्रँक गिलब्रेथ (१८६८–१९२४) व त्यांच्या पत्नी लिलियन (१८७८–१९७२) यांनी १९२१ मध्ये अमेरिकेतील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेपुढे प्रक्रिया-तक्त्यांची कल्पना मांडली. १९४७ मध्ये त्या संस्थेने अशा तक्त्यांसाठी चिन्हांचे मानक ठरविले. गणिती पाया कार्ल आडाम पेट्री (१९२६–२०१०) या जर्मन शास्त्रज्ञांच्या १९६२ मधील प्रबंधाने घातला. एकाच वेळी चालणाऱ्या घटनांचे वर्णन त्यांनी स्थाने, संक्रमणे व त्यांतून फिरणाऱ्या खुणा यांच्या जाळ्याने केले. हे जाळे पुढे ‘पेट्री जाळे’ म्हणून प्रसिद्ध झाले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मायकेल झिस्मन यांनी १९७७ मधील प्रबंधात कचेरीच्या कामकाजासाठी पेट्री जाळे वापरले. याच काळात झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात क्लॅरेन्स एलिस (१९४३–२०१४) व त्यांचे सहकारी कचेरीतील माहितीच्या प्रवाहाच्या प्रतिकृती तयार करीत होते. १९८० नंतरच्या दशकात कागदपत्रांच्या प्रतिमा एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे पाठविणाऱ्या व्यापारी प्रणाली बाजारात आल्या.

प्रत्येक उत्पादकाची आराखडा लिहिण्याची भाषा वेगळी असल्याने एका प्रणालीतील आराखडा दुसरीत चालत नसे. ही अडचण दूर करण्यासाठी १९९३ मध्ये कार्यप्रवाह व्यवस्थापन संघ ही आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिने १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संदर्भ-प्रतिकृतीत एंजिन मध्यभागी ठेवून त्याचे बाह्य जगाशी असणारे पाच दुवे निश्चित केले : आराखडा तयार करण्याची साधने, काम करणाऱ्या माणसांचे पडदे, एंजिनाने बोलवावयाच्या इतर आज्ञावली, इतर एंजिने आणि देखरेखीची साधने. २००४ मध्ये बीपीएमएन ही चिन्हपद्धती प्रसिद्ध झाली. जानेवारी २०११ मध्ये निघालेल्या तिच्या दुसऱ्या आवृत्तीने चिन्हांबरोबर त्यांचा अंमलबजावणीचा अर्थ व ती साठविण्याचे रूपही ठरविले. २०१३ मध्ये ती आयएसओ मानक झाली. यामुळे एकाने काढलेली आकृती दुसऱ्याच्या एंजिनावर चालविणे निदान तत्त्वतः शक्य झाले.

चिन्हपद्धती : बीपीएमएन आकृतीत घटना वर्तुळाने, काम गोल कोपऱ्यांच्या आयताने व मार्ग जेथे फुटतात किंवा मिळतात ते ठिकाण शंकरपाळ्याच्या आकाराने दाखवितात. बारीक रेषेचे वर्तुळ म्हणजे आरंभ, जाड रेषेचे म्हणजे शेवट व दुहेरी रेषेचे म्हणजे मधली घटना होय. शंकरपाळ्यात फुलीचे चिन्ह असल्यास अनेक मार्गांपैकी एकच निवडावयाचा असतो. अधिक चिन्ह असल्यास सर्व मार्ग एकदम सुरू होतात आणि पुढे तशाच चिन्हापाशी ते सर्व पोहोचल्याशिवाय प्रकरण पुढे जात नाही. कोणते काम कोणाचे, हे पोहण्याच्या तलावातील मार्गिकांसारख्या आडव्या पट्ट्यांनी कळते. आकृतीतील नावे कोणत्याही लिपीत लिहिता येतात. त्यामुळे मराठीतून कारभार करणाऱ्या कचेरीचा आराखडा देवनागरीतच ठेवण्यास तांत्रिक अडचण नाही.

कार्यपद्धती : एंजिन कसे चालते हे एका कल्पित नगरपरिषदेतील नळजोडणीच्या अर्जावरून समजू शकेल. आराखडा एकच असतो. मात्र प्रत्येक अर्जागणिक एंजिन त्या आराखड्याचे एक स्वतंत्र प्रकरण उघडते व त्यात एक खूण ठेवते. अर्ज दाखल होताच खूण ‘कागदपत्रांची छाननी’ या कामावर येते आणि ते काम आवक विभागातील लिपिकांच्या यादीत दिसू लागते. त्यांपैकी एकाने ते स्वीकारले की इतरांच्या यादीतून ते जाते. छाननी झाल्यावर अधिक चिन्हापाशी एकाच्या दोन खुणा होतात. पहिली खूण मालमत्ता कराच्या नोंदींकडे जाते. थकबाकी आहे की नाही हे माणसाच्या मदतीवाचून दुसरी आज्ञावली कळविते. दुसरी खूण जागेच्या पाहणीसाठी कनिष्ठ अभियंत्याच्या यादीत थांबते. या कामाच्या कडेला घड्याळाचे चिन्ह असते. ठरलेल्या दिवसांत पाहणी न झाल्यास ते वाजते व प्रकरण वरिष्ठांच्या नजरेस आणले जाते. दोन्ही खुणा आल्यावरच प्रकरण मुख्याधिकाऱ्यांपुढे येते. मंजुरीनंतर मागणीपत्र निघते आणि अर्जदाराने रक्कम भरल्याचा संदेश येईपर्यंत खूण पुन्हा थांबते. जोडणी दिल्याची नोंद झाली की प्रकरण बंद होते.

या सर्व प्रवासात एंजिनाचा बहुतेक काळ वाट पाहण्यात जातो व तेच त्याचे वैशिष्ट्य आहे. सामान्य आज्ञावली काही क्षणांत आपले काम संपविते. कचेरीतील प्रकरण मात्र महिनोन्‌महिने चालू शकते. तेवढा काळ संगणक बंदच पडणार नाही, असे गृहीत धरता येत नाही. म्हणून खूण थांबली की एंजिन तिचे स्थान व प्रकरणातील माहिती यांची नोंद कायमस्वरूपी माहितीसंचयात करते व स्मृतीतून ते प्रकरण काढून टाकते. पाहणी पूर्ण झाल्याचे कळताच ते प्रकरण पुन्हा उचलून पुढच्या थांब्यापर्यंत नेते. दोन थांब्यांमधील हालचाल एकतर पूर्ण होते किंवा मुळीच होत नाही. अर्धवट अवस्था राहत नाही. मध्येच वीज गेली, तरी प्रकरण मागच्या थांब्यावर सुखरूप असते. एकच काम दोघांनी एकदम पूर्ण केल्यास प्रत्येक नोंदीवरील आवृत्ती-क्रमांक पाहून एंजिन पहिल्याचे काम स्वीकारते व दुसऱ्याचे परतविते. ‘कामुंडा’ घराण्यातील एंजिने पार्श्वभूमीवर चालणारे काम अयशस्वी झाल्यास ते सामान्यतः तीन वेळा करून पाहतात. तरीही न जमल्यास अडथळ्याची नोंद करून माणसाची वाट पाहतात.

दीर्घ प्रकरणांत आधी झालेले काम उलटविण्याची वेळ येते. रक्कम भरून घेतली, परंतु जोडणी देणे अशक्य ठरले, तर भरणा झालाच नाही असे मानता येत नाही. परतावा देण्याचे नवे काम करावे लागते. हेक्टर गार्सिया-मोलिना व केनेथ सेलम यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या ‘सागा’ या कल्पनेत प्रत्येक टप्प्यास त्याची भरपाई करणारा टप्पा जोडलेला असतो. बीपीएमएनमध्ये त्यासाठी स्वतंत्र चिन्ह आहे.

नियम बदलले की आराखड्याची नवी आवृत्ती दाखल करतात. नवे अर्ज नव्या आवृत्तीप्रमाणे चालतात, तर जुने अर्ज, मुद्दाम स्थलांतर केल्याखेरीज, ज्या नियमांखाली दाखल झाले त्याच नियमांनी पूर्ण होतात. प्रत्येक टप्पा कोणी, केव्हा सुरू केला व केव्हा संपविला याची नोंद एंजिन वेगळ्या तक्त्यांत ठेवते. प्रकरण बंद झाल्यावरही तो इतिहास तपासता येतो. चौकशी व अपील यांच्या दृष्टीने ही नोंद फार मोलाची असते.

मुक्तस्रोत एंजिनांचा विकास : मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी जाहीर केलेल्या ‘ग्नू’ प्रकल्पापासून वाढली, ‘मुक्तस्रोत’ ही संज्ञा व तिचे निकष ठरविणारी संस्था १९९८ मध्ये पुढे आली. कार्यप्रवाहाच्या क्षेत्रात फ्रान्समधील ‘बोनिता’ हा प्रकल्प २००१ मध्ये तेथील राष्ट्रीय संगणकशास्त्र संशोधन संस्थेत सुरू झाला. नेदर्लंड्समधील आइंडहोव्हन व ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथील संशोधकांनी कार्यप्रवाहात वारंवार आढळणाऱ्या रचनांचे वर्गीकरण करून त्यावर ‘यॉल’ हे एंजिन उभारले. उद्योगक्षेत्रात मात्र टॉम बायेन्स या बेल्जियन आज्ञावलीकारांनी सुरू केलेले ‘जेबीपीएम’ व त्यातून निघालेली परंपरा सर्वांत प्रभावी ठरली. २००४ मध्ये हा प्रकल्प ‘जेबॉस’ कंपनीकडे व ती कंपनी २००६ मध्ये ‘रेड हॅट’कडे गेली. २०१० मध्ये बायेन्स व योराम बारेझ यांनी ‘अल्फ्रेस्को’ कंपनीच्या आश्रयाने ‘ॲक्टिव्हिटी’ हे नवे एंजिन ॲपाचे परवान्याखाली सुरू केले. २०१३ मध्ये बर्लिनच्या ‘कामुंडा’ कंपनीने व २०१६ मध्ये ॲक्टिव्हिटीच्याच प्रमुख कर्त्यांनी ‘फ्लोएबल’ या नावाने त्याच संहितेपासून वेगळ्या शाखा काढल्या.

या फाटाफुटीचा वापरणाऱ्या संस्थांवर झालेला परिणाम विचार करण्याजोगा आहे. व्यापारी, बंद संहितेच्या उत्पादनाचे कर्ते बाहेर पडले असते, तर त्यांना संहिता मागे ठेवून जावे लागले असते आणि ग्राहकही तेथेच अडकला असता. येथे परवान्यामुळे संहिता कर्त्यांबरोबर जाऊ शकली व आराखडे मानक चिन्हपद्धतीत असल्याने ग्राहकालाही शाखा निवडता आली. कामुंडाने २०२२ मध्ये आठव्या पिढीचे एंजिन आणले; त्याची संहिता दिसते, पण मुख्य भागाचा परवाना मुक्तस्रोताच्या निकषांत बसत नाही आणि ऑक्टोबर २०२४ मधील आवृत्तीपासून प्रत्यक्ष कामकाजातील वापरास सशुल्क परवाना लागू लागला. सातव्या पिढीची शेवटची सार्वजनिक आवृत्ती ऑक्टोबर २०२५ मध्ये निघाली. तथापि तिचा ॲपाचे परवाना मागे घेता येत नसल्याने ‘ऑपरेटन’सारख्या शाखांनी तीच संहिता पुढे चालू ठेवली. म्हणून एंजिन निवडताना ‘संहिता पाहावयास मिळते का’ एवढेच विचारून भागत नाही. परवाना कोणता व तो बदलल्यास जुनी आवृत्ती स्वबळावर चालविता येईल का, हेही पाहावे लागते.

लाभ व खर्च : मुक्तस्रोत म्हणजे फुकट, ही समजूत अपुरी आहे. परवाना-शुल्क नसले, तरी एंजिन बसविणे, जुन्या आज्ञावलींना जोडणे, सुरक्षिततेच्या सुधारणा वेळेवर करणे व कर्मचाऱ्यांना शिकविणे यांवर खर्च होतोच. ज्या संस्थेत संहिता समजणारे कोणी नाही, ती बंद उत्पादकाऐवजी एखाद्या कंत्राटदारावर अवलंबून राहते. मात्र असा कंत्राटदार बदलता येतो. संहिता, आराखडे व प्रकरणांचा इतिहास संस्थेच्याच ताब्यात राहतो. कंपन्यांच्या धोरणांपेक्षा संस्थेची प्रकरणे अधिक काळ जगतात, विशेषतः शासकीय कार्यालये, बँका व विमा व्यवसाय यांत, हे लक्षात घेता हा लाभ थोडा नाही. भारत सरकारने २०१५ मध्ये आपल्या संगणकीय प्रणालींत मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले.

मर्यादा : वाईट कार्यपद्धती एंजिनावर चढविली, तर ती केवळ अधिक वेगाने चालते. मायकेल हॅमर यांनी १९९० मधील आपल्या प्रसिद्ध लेखात फोर्ड कंपनीचे उदाहरण दिले आहे. तिच्या उत्तर अमेरिकेतील देयक विभागात ५०० हून अधिक माणसे होती व संगणकीकरणाने त्यांत २० टक्के घट होईल असा अंदाज होता. माझ्दा या लहान कंपनीत मात्र तेच काम ५ जण करीत असल्याचे आढळले. मग फोर्डने पुरवठादाराचे देयक मागविणेच बंद केले व माल पोहोचल्याची नोंद हाच पैसे देण्याचा आधार ठरविला. तेव्हा घट ७५ टक्के झाली. आकृती काढताना ‘हा टप्पा कशासाठी’ असा प्रश्न विचारला गेला नाही, तर एंजिनाचा निम्मा उपयोग वाया जातो.

आराखड्यातील चुका हा दुसरा धोका होय. मार्ग फुलीच्या चिन्हाने फोडून अधिक चिन्हाने जोडल्यास एकच खूण येते आणि न येणाऱ्या दुसऱ्या खुणेची वाट पाहत प्रकरण कायमचे अडकते. विल व्हॅन डर आल्स्ट या डच शास्त्रज्ञांनी १९९० नंतरच्या दशकात पेट्री जाळ्यांच्या आधारे आराखड्याच्या निर्दोषतेचे निकष मांडले. त्यांनुसार अशा चुका आराखडा चालू करण्यापूर्वीच शोधता येतात.

तिसरी मर्यादा माणसाच्या विवेकाशी निगडित आहे. ल्यूसी सचमन यांनी १९८७ मधील ग्रंथात दाखविल्याप्रमाणे योजना कृतीला मार्गदर्शन करते. पण प्रत्यक्ष कृती परिस्थिती पाहूनच घडते. अनुभवी लिपिक एखादा कागद नसतानाही, तो नंतर येईल या भरवशावर, अर्ज पुढे जाऊ देतो. आराखड्यात तशी वाट नसेल, तर एंजिन अर्ज अडवून धरते आणि ‘संगणक घेत नाही’ हे उत्तर अर्जदाराला मिळते. त्या उत्तरामागे कोणाचा तरी निर्णय असतो. फक्त तो घेणारा समोर नसतो. म्हणून अपवादाची वाट, ती उघडण्याचा अधिकार कोणाचा व त्याची कारणे कोठे नोंदवावयाची, हे आराखड्यातच असावे लागते. वैद्यकीय उपचार, न्यायालयीन तपास यांसारख्या ज्या कामांचा क्रम आधी सांगता येत नाही, त्यांच्यासाठी २०१४ मध्ये प्रकरण-व्यवस्थापनाची वेगळी चिन्हपद्धती प्रसिद्ध झाली. तिचा प्रसार मर्यादित राहिला. पात्रतेचे नियम आकृतीत न कोंबता तक्त्यांच्या रूपात वेगळे ठेवण्याची २०१५ मधील पद्धती मात्र रूढ झाली आहे. टप्प्यागणिक होणारी नोंद कर्मचाऱ्यांवर अवाजवी पाळत ठेवण्यासही वापरली जाऊ शकते, हाही आक्षेप घेतला जातो.

सार्वजनिक कारभारातील महत्त्व : महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम अमलात आल्यापासून अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क झाला आहे. अर्जाचा क्रमांक, पदनिर्देशित अधिकारी, मुदत, नकाराची लेखी कारणे, पहिले व दुसरे अपील आणि आयोग अशी त्या कायद्याची मांडणी आहे. या मांडणीतील प्रत्येक घटकास बीपीएमएनमध्ये प्रतिरूप सापडते : क्रमांक म्हणजे प्रकरण, अधिकारी म्हणजे मार्गिका, मुदत म्हणजे घड्याळ आणि अपील म्हणजे नवी वाट. अशा सेवेचा आराखडा मुक्त मानकात व मुक्त एंजिनावर असेल, तर तो प्रसिद्धही करता येतो व आपला अर्ज कोणत्या थांब्यावर, कोणाकडे व कोणत्या नियमाने थांबला आहे, हे अर्जदाराला आकृतीवर बोट ठेवून विचारता येते. जुन्या कचेरीत हे ज्ञान काही जणांपुरते मर्यादित असे व बंद संहितेच्या प्रणालीत ते उत्पादकाकडे राहू शकते. ते सर्वांस उपलब्ध करून देण्याची शक्यता मुक्तस्रोत कार्यप्रवाह एंजिनाने निर्माण केली आहे; तिचा उपयोग करणे हे मात्र यंत्राच्या नव्हे, तर संस्थेच्या हाती असते.